सुजलेला हात, हलका हात

माझा उजवा हात डाव्यापेक्षा जाड आहे. मे महिन्यातही त्यावर घट्ट बाही असते, त्यामुळे लोक विचारतातच. "भाजलं का?", "फ्रॅक्चर झालं का?" मी सांगते, "कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून सूज आहे." मग विचारणारा एकदम गप्प होतो आणि मलाच त्याची समजूत काढावी लागते.

ज्यांचा हात माझ्यासारखा सुजला आहे, त्या बायकांसाठी हे लिहिते आहे. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. आमच्या घरात काय घडलं, तेवढं मी सांगू शकते.

मी निर्मला. एरंडोलला राहते. घरात आम्ही तिघं. हे शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. सासूबाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही तेच म्हणते. मुलगी नोकरीसाठी पुण्यात. मी घरी साड्यांना फॉल-पिको करून देते.

उजव्या स्तनात गाठ निघाली, जळगावला ऑपरेशन झालं. स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर केमो, मग रेडिएशन. केस गेले आणि पुन्हा आले, पहिल्यापेक्षा कुरळे. त्या दिवसांबद्दल पुष्कळ बायकांनी सांगितलं आहे, माझं काही वेगळं नव्हतं. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं, जेव्हा सगळे म्हणायला लागले होते, "सुटलीस बाई एकदाची."

बांगडी अडली

धुळ्याला भावाच्या मुलीचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नघरी मांडे करतात. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर घेऊन झेलत झेलत मोठी करायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर टाकायची. माझे मांडे नावाजलेले. वर्षभर मी कुठल्याही कार्याला गेले नव्हते, त्यामुळे वहिनी "राहू द्या" म्हणत असतानाही मी खापरासमोर बसले. सकाळपासून दुपारपर्यंत तो जाळ अंगावर घेतला. खूप बरं वाटलं. वाटलं, मी परत आले.

दुसऱ्या दिवशी कासार बांगड्या भरायला आला. डाव्या हातात बांगड्या सरसर गेल्या. उजव्या हाताची बांगडी पंजावरच अडली. त्यानं साबण लावून पाहिला, मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, हात सुजलाय तुमचा."

मी म्हटलं, "पाणी बदललं असेल."

पण मला कळलं होतं. म्हणजे मला वाटलं की कळलं. परत आलाय. लग्नात अक्षता टाकताना मी नवरीच्या तोंडाकडे पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं, माझ्या पोरीचं लग्न मी बघणार नाही. कोणाला बोलले नाही. साडीचा पदर हातावरून घेऊन हिंडत राहिले. घरी आल्यावर ह्यांनीच एका सकाळी चहाचा कप हातात देताना पाहिलं. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "चल, चपला घाल."

जळगावला सगळ्या तपासण्या पुन्हा झाल्या. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा हे खिशातला रुमाल काढत होते, पुन्हा ठेवत होते.

डॉक्टर म्हणाले, "कॅन्सर परत आलेला नाही. काखेतल्या गाठी काढल्या ना, त्यामुळे हातातलं पाणी वर जायचा रस्ता अरुंद झालाय. ह्याला लिम्फोडिमा म्हणतात. ही सूज पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. आटोक्यात ठेवता येते. धुळ्याला एक फिजिओथेरपिस्ट आहेत, त्यांना दाखवा." आणि त्यांनी पुढच्या पेशंटची फाईल ओढली.

बाहेर आलो. समोर रसवंती होती. हे बाकावर बसले, रसाचे दोन ग्लास सांगितले आणि ग्लास हातात धरूनच रडायला लागले. लोक बघायला लागले. "कॅन्सर नाही ना," ते म्हणाले, "हातच तर आहे निर्मला. हातच तर आहे."

मला त्यांच्याबरोबर रडता यायला हवं होतं. मला राग आला. हातच तर! सुई ओवणारा, कणीक मळणारा, मांडे झेलणारा माझा उजवा हात. घरी येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. डॉक्टरांनी धुळ्याचं नाव सांगितलं होतं ते दोघंही विसरलो. ते आनंदात विसरले, मी रागात.

मोबाईलवरची बाई

ह्यांनी आपल्या परीनं अभ्यास सुरू केला. मोबाईलवर एक बाई सापडली. ती हसत हसत स्वतःच्या गळ्यावर, काखेवर, दंडावर हात फिरवायची आणि सांगायची, रोज थोडा वेळ एवढं करा, सूज गायब. हे चष्मा लावून बघायचे, थांबवायचे, मागं घ्यायचे आणि मला सांगायचे, "आता डावीकडून. नाही, आधी गळा." मी ब्लाउजवरूनच हात फिरवायचे. दोघांनाही काही कळत नव्हतं.

अक्का दारात बसून बघत होत्या. गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणींना आणि तान्ह्या बाळांना अक्कांनी तेल लावलं आहे. त्यांच्या हाताला अजून जोर आहे. त्यांना तो प्रकार काही सहन होईना.

"मालिश करस का माशी हाकलस?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. उठल्या, वाटीत तिळाचं तेल गरम करून आणलं आणि माझा हात मांडीवर घेतला. "जोर लावाशिवाय सूज उतराव नई."

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. मनगटापासून खांद्यापर्यंत त्या असा काही हात रगडायच्या की डोळे मिटायचे. आता काहीतरी होतंय असं वाटायचं. संध्याकाळी हात जरा मऊ लागायचा. दुसऱ्या दिवशी जास्त जड असायचा. मग अक्का आणखी जोर लावायच्या.

एका दुपारी मी फॉल लावत होते. सुई टोचली की नाही, मला आज आठवत नाही. टोचली असेल, रोजच टोचते. तासाभरात थंडी वाजून आली. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि मी दोन गोधड्या घेऊन दात वाजवत पडलेली. हात लालभडक झाला होता, हात लावला तर भाजावं इतका गरम. हे म्हणाले, "तापाची गोळी देतो, संध्याकाळपर्यंत बघू." अक्कांनी माझा हात पाहिला आणि ह्यांच्यावर ओरडल्या, "वाट देखू नको. गाडी बलाव."

जळगावला पोहोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. हातात जंतुसंसर्ग पसरत होता. अक्का ओरडल्या नसत्या तर काय झालं असतं, तो विचार मी करत नाही.

वॉर्डात

माझ्या उजव्या हाताला सुई टोचायची नाही, रक्तदाबाचा पट्टाही लावायचा नाही. हे प्रत्येक पाळीच्या सिस्टरला नव्यानं सांगावं लागायचं. तापात अर्धवट झोपेत कोणी उजवा हात उचलला की मी दचकून ओढून घ्यायचे. एक सिस्टर होती, बोलायला कडक. तिनं काही न बोलता पांढरी चिकटपट्टी फाडली, माझ्या डाव्या बाहीवर लावली आणि त्यावर पेनानं लिहिलं, "इथेच टोचा." त्यानंतर मी निवांत झोपले. शेजारच्या खाटेवरची आजी नातवाला सांगायची, "ते बघ, बाईवर पाटी लावलीय."

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "ह्या हाताला मालिश कोणी केली? गरम तेल लावून रगडलंत का?"

मी म्हटलं, "घरीच."

"असं करायचं नाही. ह्या हाताला जोर चालत नाही, शेक चालत नाही. जंतू बहुतेक सुईच्या टोचण्यातून गेले असतील, पण रगडून तुम्ही त्यांना मदतच केलीत."

अक्का डबा घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी शेवटचं वाक्य ऐकलं. डबा तिथल्याच स्टुलावर ठेवला आणि परत गेल्या.

मी घरी आले तरी त्या माझ्या खोलीत येईनात. ताट उंबऱ्यापाशी ठेवायच्या. चहा ह्यांच्या हाती पाठवायच्या. एकदा मी हाक मारली तर बाहेरूनच म्हणाल्या, "मना हात तुले लागना, पोरी." त्यांचाच हात मला बाधला, असं त्यांनी मनाला लावून घेतलं होतं. त्या अंगणात निघून गेल्या. इतक्या वर्षांत आम्ही भांडलो पुष्कळ, पण असं घर कधी गप्प झालं नव्हतं.

धुळ्याच्या मॅडम

घरी सोडताना डॉक्टरांनी धुळ्याच्या फिजिओथेरपिस्टचं नाव पुन्हा सांगितलं होतं, मग एकदाचे तिथे गेलो. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मला वाटलं, आधी हात बघतील. त्यांनी हाताला स्पर्शच केला नाही. पोटात खोल श्वास घ्यायला लावला. मग माझी बोटं गळ्याच्या हाडांवरच्या खोलगट भागात ठेवली आणि कातडी नुसती हलकेच सरकवायला सांगितली.

"सूज हाताला आहे," मी म्हटलं, "गळ्याला नाही."

"शेतात पाणी तुंबलं तर आधी कुठं मोकळं करता?"

"खालच्या बांधाला."

"मग? पुढे जागा झाली तर मागचं पाणी सरकेल. आधी गळा, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छाती, पाठ, आणि हात सगळ्यात शेवटी. हातातही आधी दंड, मग कोपर, मग पंजा. आणि हात असा लावायचा," त्यांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, "केळीचं कोवळं पान पुसताना लावता तसा. चिरणार नाही इतका हलका."

त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, ती मीही स्पष्ट सांगते. नुसत्या मालिशीनं सूज जात नाही. हाताला पट्ट्या बांधायच्या, सूज उतरली की दाबाची बाही घालायची, व्यायाम करायचा, कातडीला जपायचं. त्यातला एक भाग मालिश. आणि हात लाल झाला, गरम लागला, ताप आला तर मालिश बंद करून सरळ दवाखाना गाठायचा.

मग त्या म्हणाल्या, "आता छातीवरून. ब्लाउज काढाल का?"

मी काढला नाही.

ऑपरेशन झाल्यापासून ती जागा मी धड पाहिली नव्हती. ड्रेसिंगच्या वेळी छताकडे बघायचे. आंघोळ करताना डोळे मिटून पाणी ओतायचे. कपाटाच्या आरशावर मी ओढणी टाकून ठेवली होती, आणि ती तिथे का आहे हे घरात कोणी विचारलं नव्हतं. मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "हरकत नाही. आज कपड्यावरून दाखवते. घरी दार लावून, एकट्या असताना करा. पण काकू, कराच."

दार लावून

सकाळी आंघोळीनंतर दार लावलं, पलंगावर बसले. गळा झाला. डावी काख झाली. मग उजवीकडून डावीकडे छातीवरून बोटं न्यायची होती. मी हात तसाच हवेत धरून बसले.

शेवटी ठेवला. व्रणाच्या आसपास संवेदनाच नव्हती. बोटांना कातडी कळत होती, कातडीला बोटं कळत नव्हती. माझंच अंग, पण कोणा दुसऱ्याच्या अंगाला हात लावल्यासारखं वाटलं. मी खूप रडले. मालिश तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. तिसऱ्या दिवशी खाली बघितलं. एक आडवी रेघ, कडेला जराशी चुणी. मला वाटायचं तिथे काहीतरी भयंकर असेल. भयंकर काही नव्हतं. काही नव्हतंच, आणि दुःख त्याचंच होतं. पण बोटं रोज त्या वाटेनं जायला लागली तसं ते हळूहळू माझं अंग झालं. ह्या मालिशीनं सूज किती उतरली ते मला सांगता येणार नाही, पण ही एक गोष्ट तिनं केली.

अडचण पाठीची होती. पाठीवरून एका खांद्याकडून दुसऱ्या खांद्याकडे हात न्यायचा, तिथे माझा हात पोचेना. ह्यांना बोलावलं. ते मागं बसले, पण हात असा लावत होते की कुठे लागतोय तेच कळेना. वळून पाहिलं तर डोळे मिटलेले.

"डोळे का मिटलेत?"

"तुला लाज वाटेल म्हणून."

"मला वाटलं तुम्हाला बघवत नाही."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मालिश काही झाली नाही. पण रसवंतीपासून आमच्यात जे अडलं होतं ते मोकळं झालं. तरी त्यांचा हात जडच. खडू धरायची सवय, नाजूक काम त्यांना येत नाही. हे तेही कबूल करतात.

मग मी अंगणात अक्कांजवळ जाऊन बसले. "अक्का, पाठीपर्यंत माझा हात जात नाही."

"त्याले सांग."

"त्यांना जमत नाही."

अक्का शेंगा निवडत राहिल्या. "याच हातनी तुले दवाखानामा धाडं."

"सुईनं धाडलं असेल. आणि गाडी बोलवा म्हणून कोण ओरडलं?"

त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं. मी त्यांचा हात हातात घेतला नाही, कारण मी घेतला असता तर त्या उठून गेल्या असत्या. नुसती बसून राहिले.

पुढच्या वेळी त्या आमच्याबरोबर धुळ्याला आल्या. मॅडमनी स्वतःची बाही वर सारली आणि म्हणाल्या, "आजी, आधी मला करून दाखवा." अक्कांनी हात लावला. "अजून हलका." पुन्हा लावला. "अजून."

"इतलं हलकं?" अक्का वैतागल्या. "मंग तं काहीच व्हत नई."

"काहीच होत नाहीये असं वाटलं ना, की समजायचं बरोबर चाललंय."

आयुष्यभर ज्या हातांनी रगडून रगडून बाळंतिणी उभ्या केल्या, त्या हातांना हलकं व्हायला फार कष्ट पडले. जोर आवरताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

घरी पहिल्यांदा त्यांच्यासमोर मी ब्लाउज काढला तेव्हा त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. "बठ्ठं कापी लिधं व माय," म्हणाल्या, सगळंच कापून नेलं गं. त्यात दया नव्हती, हळहळ होती. मग विचारलं, "दुखस का?"

"नाही अक्का."

"मंग फिर," त्या म्हणाल्या, आणि पाठीला हात लावला.

जमेल तेवढं

हात पूर्ववत झाला नाही. मॅडम टेपनं मोजतात, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी भरतो. त्यात बाहीचा वाटा मोठा, पट्ट्यांचा मोठा, मालिशीचा किती ते देव जाणे. मे महिन्यात एरंडोलच्या उन्हात ती बाही म्हणजे शिक्षा आहे. एकदा चिडून मी ती काढून भिरकावली, ती कूलरवर जाऊन पडली. हे स्टूल घेऊन चढले, काढली, धुऊन सावलीत वाळत घातली. संध्याकाळी मी मुकाट्यानं घातली.

शिलाईच्या वेळी सुई टोचू नये म्हणून बोटात टोपण घालते. खापरासमोर बसायची मला मनाई आहे. गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या जावेनं, लतानं, मांडे केले. मी लांब बसून पुरण वाटलं. तिचा पहिला मांडा फाटला तेव्हा मला उठून जावंसं वाटलं. गेले नाही. वाईट वाटायचं ते वाटलंच, आणि मांडे सगळ्यांनी खाल्ले, मीही खाल्ले.

कविता

मागच्या महिन्यात लताची भाची बोदवडहून आली. कविता. वय लहान, पदरात शाळेत जाणारी मुलगी. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. नवरा सोबत होता. तो मला सगळं विचारत होता. काय खायचं, किती दिवस लागतात, हात सुजेल का. मी सांगत होते, लवकर कळलं तर आटोक्यात राहतं, आधीपासूनच हाताला जपायचं, फिजिओला आधीच भेटून ठेवा. कविता खाली मान घालून बसली होती. तिच्यासमोर पोहे तसेच गार होत होते. नवरा म्हणाला, "काकू, हिला जरा समजवा. आठ दिवस झाले, धड जेवत नाही."

मी ह्यांना म्हटलं, "जावईबापूंना जरा बाजारात फिरवून आणा."

दोघं गेले. कवितानं पोह्यांची बशी बाजूला सारली. मग एकदम म्हणाली, "काकू, तुम्ही नंतर पाहिलं का? आरशात?"

"लवकर नाही पाहिलं."

"मला झोपच लागत नाही. डोळ्यासमोर सारखं तेच येतं. कसं दिसत असेल."

मी उठून दाराला कडी लावली. अक्कांना म्हटलं, "अक्का, आज आपली मालिश राहिली आहे." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, कविताकडे पाहिलं, आणि काही न विचारता माझ्यामागे येऊन बसल्या. मी बाही उतरवली. ब्लाउजचे हुक काढले.

ह्यांच्या आणि अक्कांच्या खेरीज, डॉक्टरांच्या खेरीज, मी कोणासमोर कधी अशी बसले नव्हते. अक्कांची बोटं पाठीवरून सरकायला लागली तशी मी माझी बोटं गळ्यापाशी ठेवली आणि सुरुवात केली.

कविता आधी जमिनीकडे बघत होती. मग तिनं मान वर केली. तिनं बघितलं. नजर वळवली नाही, बघतच राहिली.

"एवढंच?" ती म्हणाली.

माझ्या पाठीवरचा अक्कांचा हात थांबला.

"हो," मी म्हटलं. "एवढंच."

मग ती ओक्साबोक्शी रडली. आम्ही तिला रडू दिलं. अक्कांनी मालिश पुरी केली, बाही चढवली, आणि माझे हुक लावून दिले. बाहेर बाजारातून दोघं परतल्याचा आवाज आला. कवितानं पदरानं तोंड पुसलं, उठून कडी काढली, आणि स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "आजी, भाकरी आहे का? भूक लागलीय मला."